पीटर ब्रूकचा भीष्म: सोतिगी कुयाते साच्यात अडकला का?

रानजाई:
काल इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकचा 'महाभारत' चित्रपट (१९८९) पुन्हा पाहिला. आपल्या डोक्यातला भीष्म म्हणजे पांढरी दाढी, मुकुट आणि खर्जातला आवाज. इथे काडीसारखा उंच नट सोतिगी कुयाते. जन्म मालीतला, कर्मभूमी बुर्किना फासो. माझं मत: ब्रूकने त्याला जगापुढे आणलं खरं, पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला जो पितामह केला, तो पुढे 'शहाणा आफ्रिकन म्हातारा'च राहिला.

तिरकसराव:
'ब्रूकने आणलं' इथेच घोडं पेंड खातंय. त्याआधी तो बुर्किना फासोत नाटकं करत होता, त्याही आधी देशाच्या फुटबॉल संघात खेळला होता. आणि घराणं ग्रियोंचं! म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या वंशावळी तोंडपाठ सांगणारे लोक. बाणांच्या शय्येवर पडून युधिष्ठिराला राजधर्म सांगणारा भीष्म दुसरं काय करतो? गोंधळ्याने देवीची कथा सांगितली तर साच्यात अडकला म्हणाल का?

रानजाई:
गोंधळ्याला वर्षभर तेवढंच करायला लावलं तर म्हणेन. 'लिटल सेनेगल' चित्रपटात सेनेगलमधल्या गोरे नावाच्या बेटावरच्या गुलामांच्या संग्रहालयातला वाटाड्या. मुलाने, दानी कुयातेने, काढलेल्या 'केइता' चित्रपटात पुन्हा ग्रियोच. एखादा लबाड सावकार? एखादा विनोदी शेजारी?

पानगळ:
भरुचांची टीका कुणीच काढत नाही? नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचांचा आक्षेप होता की ब्रूकने महाभारत त्याच्या मातीतून उपटलं.

तिरकसराव:
त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.
रानजाई, त्याचा 'लंडन रिव्हर' चित्रपट बघितलात का? लंडनमधल्या जुलै २००५च्या बॉम्बस्फोटांनंतर बेपत्ता मुलाला शोधायला आलेला बाप. मुलगा सहा वर्षांचा असताना हा फ्रान्सला निघून गेला, त्यानंतर भेट नाही. आता शोधायचं कुणाला, तर ज्याला आपण वाढवलंच नाही त्याला. समोर मुलीला शोधणारी गर्न्झी बेटावरची बाई, याला बघूनच बिचकणारी. यात शहाणपण कुठे आहे? चुकलेला बाप आहे, आणि ते ओझं तो नुसत्या चालण्यातून दाखवतो. याच कामाला २००९मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. पुढच्याच वर्षी तो गेला.

रानजाई:
नाही पाहिला, शोधतो. बाप आवडला तर तेवढ्यापुरतं मागे घेईन. पण ब्रूकने १९९०मध्ये शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' नाटक बसवलं, त्यात याला दिला जादूगार प्रॉस्पेरो. तोही म्हाताराच की हो!