मदत हवी आहे: श्रोडर घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं?

बहिणीच्या सासरचं आडनाव श्रोडर, मूळ जर्मन. त्यांचे खापरपणजोबा १८४० च्या सुमारास जन्मले, १८६८ मध्ये ब्रेमेन बंदरातून अमेरिकेला गेले. पंथ लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. १८७० च्या जनगणनेत जन्मस्थान नुसतं 'प्रशिया' (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य). आडनावाचा अर्थ शिंपी, यावरून गाव लागेल का? एका नोंदीत बाईचं आडनाव 'श्रोडरिन' दिसतंय, ते घराणं वेगळं का?

प्रतिसाद १

अर्थावरून गाव लागणार नाही. श्रोडर म्हणजे शिंपी हे उत्तरेकडच्या बोलीतलं. मध्य आणि दक्षिण जर्मनीत त्याच धातूचं 'श्रोटर' म्हणजे दारूची पिंपं चढवणारा-उतरवणारा. शिंपी गावोगाव होते, म्हणून एकमेकांशी नातं नसलेली श्रोडर घराणी भरपूर. 'श्रोडरिन' मात्र वेगळं नाही; बाईच्या आडनावाला 'इन' लावत.

'प्रशिया'वर विसंबू नका. हानोफर हे दुसरं जर्मन राज्य १८६६ मध्ये प्रशियात गेलं, त्यामुळे १८७० मध्ये तिथला माणूसही प्रशियाचाच ठरतो. ब्रेमेनच्या १९२० पूर्वीच्या प्रवासी याद्या जवळपास उरलेल्या नाहीत, त्यात वेळ घालवू नका. हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ च्या आहेत, पण तुमचे लोक तिथून गेलेच नाहीत.

अमेरिकेत ते ज्या जर्मन चर्चला जात, तिथली वही गाठा. सरकारी कारकून देश लिहून मोकळा होई, पाद्री लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत बरेचदा गाव लिहीत. त्यांचं नाही मिळालं तर भावंडांचं बघा, मुलांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदारही सोडू नका. ते पुष्कळदा गावचेच असत.

प्रतिसाद २

गाव मिळालं की मायरचा १९१२ चा स्थलकोश ऑनलाइन उघडा. एकाच नावाची गावं अनेक असतात आणि लहान गावाला स्वतःचं चर्च नसतं. पॅरिश, म्हणजे गाव ज्या चर्चच्या हद्दीत येतं ती, कुठली ते आधी ठरवा. प्रशियात सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ पासूनची, म्हणजे १८४० साठी चर्चचीच वही. प्रोटेस्टंट वह्या 'आर्किऑन' या संकेतस्थळावर, पैसे भरून. 'मात्रिकुला' हे संकेतस्थळ फुकट आहे, पण तिथे मुख्यतः कॅथलिक वह्या.

वह्यांची लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, आपल्या मोडीसारखी वेगळी शिकावी लागते. तिच्यातला 'ई' थेट 'एन'सारखा दिसतो, 'यू'वर छोटी कमान असते. सूचीत नाव चुकीचं वाचलेलं असतं ते यामुळेच, म्हणून मूळ पान बघाच.

गाव वेस्टफालियातलं (पश्चिम जर्मनीतला प्रदेश) निघालं तर आणखी एक पेच. तिथे शेतवाडीला नाव असे आणि घरजावयाला ते लागे. वहीत 'अमुक गेनांट श्रोडर' असं दिसलं तर गेनांट म्हणजे 'म्हणून ओळखला जाणारा'. जन्माची नोंद 'अमुक'खाली शोधा.