जिओकॅशिंग आणि प्रेस्ड पेनी एकाच ट्रिपमध्ये कसं जमवायचं? (सिएटल ते ओरेगन कोस्ट)

कावेरी_रेडमंड

नमस्कार मंडळी, आम्ही रेडमंडला राहतो, सिएटलच्या बाजूला. घरात दोन छंद आहेत आणि ट्रिपला निघालं की दोन्ही एकमेकांच्या आड येतात. मोठी लेक आणि नवरा जिओकॅशिंगवाले, म्हणजे फोनमध्ये जीपीएस बघत झाडाच्या ढोलीत, पुलाखाली, बाकाच्या मागे लपवलेले डबे (त्यांना कॅश म्हणतात) शोधायचे आणि आतल्या कागदावर नाव लिहून डबा होता तिथे परत ठेवायचा. धाकट्याला प्रेस्ड पेनीचा नाद, म्युझियममध्ये, झूमध्ये, गिफ्ट शॉपमध्ये ते हँडल फिरवायचं मशीन असतं ना, दोन क्वार्टर (२५ सेंटची नाणी) आणि एक पेनी (एक सेंटचं नाणं) टाकली की पेनी लांबट होऊन वर चित्र उमटून येतं, ते. त्याचा अल्बम भरत आलाय.

आता ओरेगन कोस्टला गाडीने जायचंय. एकाला दर तीन मैलांवर गाडी थांबवून झुडपात शिरायचंय आणि दुसऱ्याला अंधार पडायच्या आत मत्स्यालय गाठायचंय, मधल्या मधे मी. दोन्ही नीट बसेल असं प्लॅनिंग कोणी केलंय का? आणि पेनी दाबून ती कॅशमध्ये ठेवलेली चालते का, की डब्यात पैसे ठेवू नयेत असा काही नियम आहे?

अजून एक, सासरे सांगलीहून आलेत, तेही बरोबर असणार. त्यांना हे मशीन बघून फार वाईट वाटलं, म्हणाले लक्ष्मी आहे ती, तिला असं चिरडायचं? आणि सरकार काही म्हणत नाही का? मला नीट उत्तर देता आलं नाही.

डोंगरभटक्या

कावेरीताई, आम्ही पोर्टलंडला असतो, आमच्या घरात पण हेच दोन पक्ष आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

एकच गोष्ट पक्की धरा, दिवस मशीनभोवती बांधायचा आणि कॅशेस मधल्या फटीत बसवायच्या, उलटं नाही. कारण मशीन असतं दुकानात नाहीतर म्युझियमच्या लॉबीत आणि ते पाच वाजता शटर ओढून मोकळे होतात. कॅश कुठे पळून जात नाही, बऱ्याच कॅशेस पहाटे पण शोधता येतात (पार्कची वेळ तेवढी बघा). आम्ही आधी पेनीकलेक्टर डॉट कॉमवर राज्यानुसार मशीनची यादी काढतो, तिथे लोक जाऊन आल्यावर अपडेट टाकतात, चालू आहे, बिघडलंय, काढून नेलंय वगैरे. ही मशिनं सारखी इकडची तिकडे होतात त्यामुळे जुन्या माहितीवर मुलाला आशा लावू नका, निघायच्या आदल्या दिवशी दुकानाला एक फोन करा. मग ते सगळे पत्ते गूगल माय मॅप्समध्ये एका रंगात टाकायचे आणि कॅशेस दुसऱ्या रंगात. जिओकॅशिंगचं प्रीमियम (पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व) असेल तर पॉकेट क्वेरी, म्हणजे आपल्याला हव्या त्या कॅशेसची यादी काढता येते, एका वेळी १००० पर्यंत कॅशेस, ती फाइल याच नकाशात चढवायची. हे झालं की दिसतं, मशीनच्या दहा मिनिटांच्या अंतरात कुठल्या कॅशेस आहेत, तेवढ्याच घ्यायच्या. बाकी रस्त्यात दिसतील त्या सगळ्या सोडून द्या असं नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

मुलांबरोबर असाल तर डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती खडतर) दोन्ही ५ पैकी २ च्या आतल्या बघा आणि साइज स्मॉल किंवा रेग्युलर. मायक्रो, नॅनो घेतल्या तर त्यात कागदाची गुंडाळी सोडून काही मावत नाही, आणि मुलांना अदलाबदलीच हवी असते. पेनीसाठी तर डब्याला जागा पाहिजेच.

चालते का म्हणाल तर चालते, आणि मला विचाराल तर कॅशमध्ये ठेवायला याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही. खाऊ ठेवायचा नाही (जनावरं डबा फोडतात), चाकू, लायटर ठेवायचं नाही, एवढंच पथ्य. बाकी घ्याल त्याच तोडीचं किंवा त्याहून बरं ठेवा हा रिवाज. लोक तुटकी खेळणी आणि गोल्फ टी टाकून जातात आणि पोरं हिरमुसतात, तिथे एखादी चकचकीत पेनी निघाली की डबा उघडणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. फक्त एक करा, सिएटलची पेनी सिएटलच्या कॅशमध्ये टाकू नका, ओरेगनला टाका. आणि ओरेगनची परत जाताना वॉशिंग्टन राज्यात. लांबून आलेली वस्तू मिळाली तर त्याचं मोल आहे, दोन गल्ल्या सोडून असलेल्या मशीनची पेनी कोण कशाला घेईल.

नाणेघाट

आधी आजोबांच्या प्रश्नाचं घेतो कारण तो प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे २०११ च्या कॉइनेज ॲक्टप्रमाणे नाणं वितळवायला, तोडायला बंदी आहे, त्यामुळे त्यांना खटकणं साहजिक आहे. अमेरिकेत कायदा असा आहे की फसवण्याच्या हेतूने नाण्यात फेरफार केला तर गुन्हा. दाबलेली पेनी कोणी नाणं म्हणून खपवत नाही, ती आठवण म्हणून ठेवतात, म्हणून ते चालतं. पेनी वितळवून धातू विकायला मात्र इथेही बंदी आहे. आणि हा प्रकार काही आजकालचा नाही, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अशी दाबलेली नाणी विकली जात होती. तेच शिकागो, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. आजोबांना हे सांगून बघा, त्यांना त्या मशीनकडे वेगळ्या नजरेने बघता येईल.

आता पेनी कुठली न्यायची. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक खिशात येईल ती टाकतात. १९८२ मध्ये पेनीचा धातू बदलला. त्याआधीची ९५ टक्के तांब्याची, वजन ३.११ ग्रॅम. नंतरची ९७.५ टक्के जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. मशीनमध्ये दोन रूळ असतात, उसाच्या चरकासारखे, त्यातल्या एकावर चित्र कोरलेलं असतं. नवी पेनी त्यातून गेली की मुलामा ताणून फाटतो आणि खालचं जस्त पांढऱ्या रेघांनी वर येतं, कितीही सुंदर चित्र असलं तरी ओरखडल्यासारखं दिसतं. जुनी पेनी आरपार एकच तांबं, त्यामुळे लालसर, एकसारखी येते. १९८२ सालात दोन्ही प्रकार निघाले म्हणून मी सरळ १९८१ किंवा त्याआधीच्याच बाजूला काढतो. साल वाचायचा कंटाळा आला तर टेबलावर टाकून आवाज ऐका, तांब्याची खणखणते, जस्ताची बद्द वाजते. धाकट्याला हे काम द्या, तो तासभर जागचा हलणार नाही. १९५८ पर्यंतच्या, मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या मिळाल्या तर कृपा करून दाबू नका, त्या तशाच जपून ठेवण्यासारख्या आहेत.

स्वच्छ करायला पितांबरी. खरंच सांगतो, देवाच्या तांब्याला लावतो तीच, चिमूटभर ओल्या बोटावर घेऊन चोळायची, धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. चिंच-मीठ पण चालतं. दाबायच्या आधीच करायचं, नंतर चोळलं तर बारीक अक्षरं झिजतात. आणि हँडल सावकाश, एका लयीत फिरवा, मध्येच थांबून उलटं फिरवू नका. नीट आलेल्या पेनीच्या मागच्या बाजूला लिंकनचा लांबुळका चेहरा पुसट दिसतो, तो दिसला की मला फार आनंद होतो.

पेनी आत्ताच साठवून ठेवा हेही सांगतो. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली, एक सेंटची पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. चलनातून गेलेली नाही, ट्रेझरीच्या हिशेबाने अजून सुमारे ३०० अब्ज लोकांकडे पडून आहेत, पण सुट्ट्यात मिळणं कमी होत चाललंय. बँकेत मिळाला तर ५० चा रोल घ्या, त्यातून निवडा.

म्युनिककर

इकडे जर्मनीत एक युरो आणि पाच सेंटचं नाणं टाकायचं मशीन सगळीकडे दिसतं. पण पाच सेंट म्हणजे पोलादावर तांब्याचा मुलामा, त्यामुळे नाणेघाट म्हणतात तशी लालसर, एकसारखी पेनी इकडे बघायला मिळत नाही. तुमच्याकडच्या जुन्या पेनी बघून हेवा वाटतो. कॅशेस मात्र इथे चिक्कार आहेत, जंगलात चालायला गेलं तर अर्ध्या वाटेत कोणीतरी झाडाशी संशयास्पद उभा असतो आणि आपण ओळखून हसायचं.

तांबडी_माती

डोंगरभटक्यांचं सगळं पटलं पण एक भर घालते. मुलाच्या अल्बममधली पेनी काढून कॅशमध्ये टाकायला लावू नका, आवडती असेल तर त्याला ते लागतं. मशीनवर गेलात की दोन काढा, एक त्याची, एक डब्यासाठी. बहुतेक मशीनवर चार चित्रं असतात, त्यातलं कुठलं दुसऱ्याला द्यायचं ते त्यालाच ठरवू दे. आमची लेक डब्यासाठीची निवडताना स्वतःच्यापेक्षा जास्त वेळ घेते, समोरच्याला काय आवडेल याचा विचार करते, मला ते फार मोलाचं वाटतं.

आणि वॉशिंग्टन-ओरेगनचा पाऊस माहितीच आहे. नुसती पेनी टाकली तर ओलीने काळीठिक्कर पडते. छोट्या झिपलॉकमध्ये, नाहीतर नाण्यांसाठी प्लॅस्टिकची छोटी पाकिटं मिळतात त्यात घाला आणि बरोबर एक चिठ्ठी, कुठल्या मशीनची, कुठल्या महिन्यात. डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बघून मगच निघा, रबर फाटलं असेल तर लॉगमध्ये (साइटवरच्या नोंदीत) लिहा म्हणजे मालकाला, डबा लपवणाऱ्याला, कळतं.

सुटे पैसे सांभाळायला एम अँड एम्स मिनीजची नळी वापरा, क्वार्टर त्यात बरोबर बसतं. दोन क्वार्टर, एक पेनी, परत दोन क्वार्टर, एक पेनी असं रचून ठेवायचं. मात्र आता बऱ्याच ठिकाणी दाबायचा एक डॉलर घेतात तेव्हा चार-चारच्या हिशेबाने पण एक नळी ठेवा. काही ठिकाणी नवीन मशिनं कार्डवर चालतात, बटण दाबलं की आतलीच कोरी तांब्याची चकती दाबून येते. मला ती आवडत नाहीत, स्वतःची निवडलेली, घासलेली पेनी घालायची आणि स्वतः हँडल ओढायचं यातच तर सगळं आहे.

कावेरी_रेडमंड

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. सासऱ्यांना शिकागोचं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले आण त्या पेनी इकडे. आता चष्मा लावून साल बघत बसलेत, ओंब्यावाल्या दोन सापडल्या त्या त्यांनी देवघरात ठेवल्यात, बाकीच्या धाकट्याच्या हवाली केल्या. पितांबरी घरात होतीच.

अजून विचारायचं म्हणजे, कोस्टला जायच्या आधी एखादा दिवस सिएटलमध्येच दोन्ही करून बघावं म्हणतेय. आणि जिथे डबा ठेवायलाच परवानगी नसते तिथे लेकीसाठी काय करायचं?

डोंगरभटक्या

सिएटलमध्ये असाल तर फ्रीमॉन्टला जायलाच हवं, जिओकॅशिंगचं मुख्यालयच तिथे आहे. भेटीची वेळ आधी ऑनलाइन घ्या, आत कॅश आहे आणि अदलाबदलीसाठी मोठी पेटी, तिथे जगभरातून लोक वस्तू आणून ठेवतात. जवळच पुलाखाली फ्रीमॉन्ट ट्रोल आहे, मुठीत अख्खी फोक्सवॅगन धरलेला, मुलांना चढायला आवडतो. मग खाली वॉटरफ्रंटला ‘ये ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ नावाचं १८९९ पासूनचं दुकान आहे, पेनीसाठी तिथे चक्कर मारा. सकाळी हे, दुपारी ते, दोघांचंही भागतं.

डबे चालत नाहीत तिथे, म्हणजे नॅशनल पार्कमध्ये वगैरे, अर्थकॅश बघा. डबा नसतो, त्या जागेचा खडक, पाणी, लाव्हा काय असेल ते नीट बघून प्रश्नांची उत्तरं कॅशच्या मालकाला पाठवायची. माउंट सेंट हेलेन्सच्या परिसरात छान आहेत, १९८० च्या उद्रेकाने डोंगराचं काय झालं ते समोर उभं राहून वाचता येतं. तिथे गिफ्ट शॉप असतंच, म्हणजे पेनीची चौकशी करता येते.

आणि पोर्टलंडच्या बाजूला आलात की ओरिजिनल स्टॅश प्लाक, म्हणजे सगळ्यात पहिला डबा लपवला त्या जागेवरची पाटी, चुकवू नका. १ मे २००० ला क्लिंटन यांनी नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढायची घोषणा केली आणि ३ मे ला डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळ जंगलात बादली पुरून तिच्या जागेचे जीपीएस आकडे इंटरनेटवर टाकले, त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, बीन्सचा एक डबा आणि बेचकी होती. तिथूनच हा सगळा खेळ सुरू झाला. रस्त्याच्या कडेला आहे, आजोबांना पण गाडीतून उतरून दोन पावलं चालता येईल. तिथल्या कॅशमध्ये सिएटलची पेनी ठेवा.

तांबडी_माती

लेकीला अजून हवं असेल तर स्नोक्वाल्मीचा बोगदा, रेल्वेचा जुना, २.३ मैल लांब, आता चालायला आणि सायकलला खुला. पलीकडच्या बाजूला एप कॅश (‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ सिनेमाच्या जाहिरातीसाठी लपवलेल्या मोजक्या डब्यांपैकी एक) आहे, लोक लांबून लांबून येतात त्यासाठी. आत मिट्ट काळोख आणि भर उन्हाळ्यातही गारठा, प्रत्येकाला वेगळा टॉर्च आणि जॅकेट हवंच. १ नोव्हेंबरला बोगदा बंद होतो तो मे महिन्यात उघडतो, त्यामुळे जायचं तर नोव्हेंबरच्या आधी जा.