वेगवान प्रोग्रॅमसाठी कंपायलर कसा निवडलात? (अनुभव धागा)

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत बदलणारा प्रोग्रॅम. त्यांतला जीसीसी १९८७ पासून आहे. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या साहित्याच्या प्रकल्पातून पुढे क्लँग हा कंपायलर आला. सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीचा इंटेलचा आजचा कंपायलरही एलएलव्हीएमवरच बेतलेला आहे. आपण निवड कशी केलीत आणि कुठे ठेच लागली, हे स्वतःच्या कामातल्या उदाहरणासह लिहावे, ही विनंती.

उष्णतावहनाची गणिते, पुणे
जीसीसी की क्लँग, यात मी आठवडा घालवला आणि दोघांच्या वेगात फरक पडला तो तसूभर. शेवटी ‘पर्फ’ (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारे साधन) लावून पाहिले, तेव्हा कळले की ४००० × ४००० च्या ॲरेवर, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावर, माझे आतले लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) ओळीतून न जाता स्तंभातून खाली उतरत होते. सी++ मध्ये एका ओळीतले आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असतात. माझा प्रोसेसर एका वेळी ६४ बाइट, म्हणजे आठ डबल (८ बाइटचे दशांश आकडे), उचलून आणतो आणि मी त्यांतला एकच वापरून पुढच्या ओळीवर उडी मारत होते. दोन्ही लूपांची अदलाबदल केल्यावर जो वेग मिळाला, तो नुसता कंपायलर बदलून मला मिळाला नव्हता. त्यानंतर जीसीसी ठेवला, कारण आमचा फोरट्रान भाषेतला जुना कोडही त्याच संचातल्या जीफोरट्रान कंपायलरने बांधता (कंपाइल करता) येतो.

सेन्सरच्या नोंदींचे विश्लेषण, नाशिक
नोंद आली नाही की त्या जागी आम्ही ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) ठेवत असू आणि बेरजेआधी ‘इझनॅन’ या तपासणीने ती गाळत असू. ‘ओफास्ट’ हा कंपायलरचा वेग वाढवणारा पर्याय लावताच प्रोग्रॅम पळू लागला, पण एकेका दिवसाची सरासरीच नॅन येऊ लागली. त्या पर्यायात ‘फास्ट-मॅथ’ येते, म्हणजे नॅन कधी येणारच नाही असे आपणच कंपायलरला लिहून देतो. मग त्याने ती तपासणी काढून टाकली, तर त्याला बोल लावता येत नाही. शिवाय बेरजेचा क्रम बदलण्याचीही त्याला मुभा मिळते, आणि दशांश चिन्हानंतरचे शेवटचे अंक हलतात. मी ‘ओ३’ या फास्ट-मॅथ नसलेल्या पर्यायावर परतलो. थोडा वेग गेला, त्याची मला खंत नाही.

संगणक-समूहाची देखभाल, मुंबई
‘मार्च=नेटिव्ह’ (बांधणी ज्या यंत्रावर होते, त्याच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवण्याचा पर्याय) लावून नव्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रांवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पहिल्याच मिनिटाला कोसळला, कारण नव्या प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स-५१२ (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) सूचना जुन्यांना ठाऊकच नव्हत्या. आता दोन्ही पिढ्यांसाठी वेगवेगळी बांधणी करतो आणि कोणती चालवायची, हे काम सुरू करणारी स्क्रिप्टच प्रोसेसर पाहून ठरवते.