पणजोबांच्या ट्रंकेतील संगीन: खुणा कशा वाचाव्यात?

कोयनाकाठ:
नमस्कार. पाटणजवळच्या आमच्या गावी जुने घर उतरवताना माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत एक संगीन सापडली. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि 1920 साली निवृत्त होऊन गावी परतले. ही संगीन त्यांनी इराकमधील कूतच्या वेढ्यातून आणली, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. एकूण लांबी 55 सेंटीमीटर असून त्यातील पाते 43 सेंटीमीटर आहे. मुठीच्या लाकडी पट्ट्या दोन स्क्रूंनी बसवलेल्या आहेत आणि मुठीच्या टोकाजवळ आरपार गेलेले एक छोटे भोक आहे. मुठीलगत पात्याच्या एका बाजूला मुकुट, ‘जी आर’ ही इंग्रजी अक्षरे, 1907, त्याखाली 5 व 17 हे आकडे आणि ‘विल्किन्सन’ हे नाव दिसते. दुसऱ्या बाजूला बाण आणि फुली आहे, बाकीचे गंजाखाली गेले आहे. ही संगीन 1907 सालची समजावी का? आणि गंज काढण्यासाठी ती शिकलगाराकडे दिली तर चालेल का?

जुनी हत्यारे:
कृपया शिकलगाराकडे देऊ नका. पाते एकदा चाकावर धरले की ज्या खुणांवरून त्याचा इतिहास कळतो, त्याच आधी घासून जातात.

1907 हे बनावटीचे वर्ष नसून नमुन्याचे नाव आहे. ली एनफिल्ड रायफलसाठीचा हा नमुना इंग्रजांनी जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून घेतला. सुरुवातीच्या संगिनींच्या मूठ व पाते यांमधल्या आडव्या पट्टीला खालच्या बाजूस वाकडा हूक असे, तो 1913 साली काढून टाकण्यात आला. मुठीच्या खाचेत अडकलेली माती बाहेर पडावी म्हणून ते भोक 1916 पासून पाडले जाऊ लागले. तुमच्या वर्णनात असा हूक नाही आणि भोक आहे, म्हणजे 5 आणि 17 यांचा ‘मे 1917’ हा अर्थ तिच्या घडणीशी नेमका जुळतो. ‘जी आर’ म्हणजे राजा पंचम जॉर्ज, बाण ही सरकारी मालकीची खूण आणि फुली म्हणजे पाते वाकवून घेतलेल्या चाचणीत उतरल्याची खूण.

मात्र कूतचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. शिवाय कैदेत गेलेल्या शिपायाजवळ हत्यार राहणे शक्यच नव्हते. तेव्हा ही संगीन कूतची नाही. गंजावर शिवणयंत्राचे तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि काय दिसते ते कळवा.

कोयनाकाठ:
आपण सांगितल्याप्रमाणे केले. फुलीजवळ 24 हा आकडा स्पष्ट दिसतो. मुठीच्या टोकावर पलटणीचा क्रमांक नाही. कूतची गोष्ट खोटी ठरावी, याचे मनापासून वाईट वाटते.

माजी सैनिक, सातारा:
24 म्हणजे 1924. संगीन दुरुस्त करून पुन्हा वापरात देताना वर्षाचे शेवटचे दोन आकडे असे ठोकत असत. याचा अर्थ 1924 साली ती सरकारी साठ्यातच होती, त्यामुळे 1920 साली घरी आलेल्या पणजोबांनी ती आणलेली नाही. घरातले आणखी कोणी दुसऱ्या महायुद्धात होते का, ते पाहा. त्या काळात भारतात अशा अनेक संगिनींची पाती कापून सुमारे 12 इंचांची केली गेली. तुमची अखंड राहिली आहे.

पण संगीन कूतची नाही, एवढ्यावरून पणजोबा तिथे नव्हते असे ठरत नाही. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. ट्रंकेत किंवा देवघरात त्यांचे पदक असेल तर शोधा, कारण पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

संगीन घरी ठेवण्याबाबत जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कोयनाकाठ:
चुलत आजोबा 1940 साली भरती झाले होते आणि ट्रंक शेवटी त्यांच्याच वापरात होती, असे आत्याने आज सांगितले. चांदीचे एक पदक तिच्या देवघरात आहे. त्याच्या कडेवरचा 117 हा आकडा तिने फोनवर वाचून दाखवला. पुढची अक्षरे बारीक आहेत, ती रविवारी भिंग घेऊन वाचतो.