तीन दारांची गाडी ही अर्धी गाडी नव्हे

रेडिंगकर

गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर एका सदस्याने 'तीन दारांची गाडी म्हणजे अर्धी गाडी' असे लिहिले आणि ती घेणारा माणूस एक तर अविवाहित असतो किंवा स्वार्थी, अशी पुस्तीही जोडली. त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी इथे इंग्लंडमध्ये अकरा वर्षे तीन दारांची, म्हणजे बाजूंना दोन आणि मागे डिकीचे एक दार असलेली, छोटी हॅचबॅक चालवतो आहे आणि माझ्या लग्नाला पंधरा वर्षे झाली आहेत. तेव्हा दोहोंपैकी कोणता आरोप माझ्या वाट्याला येतो हे सांगायला नको. म्हणूनच हे लांबलचक उत्तर.

पाच दारांची गाडी 'मोठी' असते हा समज आधी डोक्यातून काढावा. फोर्डच्या फिएस्टाचेच उदाहरण घ्या. तिची तीन दारांची आणि पाच दारांची आवृत्ती लांबीला सारखीच होती. आतली जागा तेवढीच, फक्त तिला बाजूने आणखी दोन दारे पाडलेली. मिनी या गाडीचा अपवाद मी मान्य करतो, कारण 2014 मध्ये तिची पाच दारांची गाडी आली तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 72 मिलिमीटरने आणि एकूण लांबी 161 मिलिमीटरने वाढवली होती. पण अशी उदाहरणे थोडी.

मागे दार नसले की पुढचे दार लांब होते, हा फायदा कुणी मोजतच नाही. माझे वडील दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पाच दारांच्या टॅक्सीत शिरताना त्यांना पाय आखडून, हाताने उचलून आत घ्यावा लागतो. माझ्या गाडीत ते आरामखुर्चीत टेकावे तसे बसतात. शिवाय पुढच्या दारामागचा खांब मागे सरकलेला असल्यामुळे मोटरवेवर शिरताना उजव्या खांद्यावरून पाहिले की समोर काच येते, पत्रा नव्हे. किमतीतही पाचसहाशे पौंड वाचले होते.

राहता राहिली मागची सीट. एक महिना मी नोंद ठेवली. गाडी 46 वेळा बाहेर काढली आणि मागे माणूस बसला तो तीन वेळा. त्या तीन वेळांसाठी उरलेल्या 43 वेळांची सोय मी का सोडावी?

दोन लेकरांची आई

तुमची नोंदवही वाचून गंमत वाटली. माझ्या नोंदवहीत मागची सीट रोज चार वेळा भरते. इथल्या कायद्याने मूल बारा वर्षांचे किंवा 135 सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्याला त्याच्या मापाची सीट लागते, म्हणजे हे एका उन्हाळ्याचे काम नव्हे, पुरी दहा-बारा वर्षे धरून चाला. धाकटा चार महिन्यांचा असताना आमच्याकडे तीन दारांचीच गाडी होती. झोपलेले बाळ छातीशी धरून, पुढची सीट कोपराने ढकलून, अर्धे अंग आत आणि अर्धे पावसात अशा अवस्थेत पट्ट्याचे टोक कुलपात बसवायचे, आणि 'खट्' आवाज येताच बाळाने डोळे उघडायचे, असा तो कार्यक्रम असे.

तुमचे ते लांब दार पार्किंगमध्ये उघडून दाखवाल का? इथल्या पार्किंगच्या चौकटी सर्वसाधारणपणे 2.4 मीटर रुंद असतात. दोन्ही बाजूंना आजच्या फुगलेल्या गाड्या उभ्या असल्या की लांब दार वीतभर उघडते, आणि त्या फटीतून बाळासकट शिरायचे म्हणजे आधी बाळाला टपावर ठेवावे लागेल. मी कितीदा तरी गाडी चौकटीबाहेर काढून, मागच्यांचे हॉर्न ऐकत मुलांना बसवले आहे. वडिलांना आरामखुर्ची मिळते याचा आनंद आहे, पण ती रिकाम्या अंगणात मिळते, सुपरमार्केटच्या आवारात नाही.

सहा फूट दोन

चौकटी अरुंद आहेत हा गाडीचा दोष की चौकटींचा? गाड्या फुगल्या, चौकटी होत्या तेवढ्याच राहिल्या आणि दोष मात्र बिचाऱ्या तीन दारांचा! आमच्या नगरपालिकेच्या वाहनतळात एका चौकटीत मधोमध खांब आहे आणि तिचेही पूर्ण भाडे घेतात. त्याबद्दल मी दोनदा पत्र लिहिले, उत्तर आले नाही.

असो. मूळ मुद्द्यावर मी रेडिंगकरांच्या बाजूचा आहे. माझ्या उंचीच्या माणसाने सीट मागे सरकवली की पाच दारांच्या छोट्या गाडीत तो मधला खांब नेमका खांद्याला येतो आणि उतरताना कोपर त्यावर आपटते. तीन दारांत हा त्रास नाही. पट्टा ओढायला मात्र हात फार मागे न्यावा लागतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

गॅरेजवाला, पिंपरी

तुम्हा परदेशस्थांची चर्चा वाचतो आहे. आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेला. 2003 मध्ये मारुती झेनच्या कार्बन आणि स्टील या तीन दारांच्या आवृत्त्या आल्या, एक काळी आणि एक चंदेरी. दिसायला देखण्या, अजूनही एखादी दिसली की मी स्कूटर थांबवतो. पण घेणारे किती निघाले? 2016 मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटीआय तीन दारांची आली, तीही हौशी लोकांपुरतीच. आपल्याकडे गाडी घेताना सगळे घरदार शोरूममध्ये येते आणि मागच्या सीटवर बसून पाहणारी माणसे पुढे बसणाऱ्यापेक्षा जास्त असतात.

कारागीर म्हणून दोन गोष्टी सांगतो. तीन दारांच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागची काच खाली जात नाही. फार तर कडेने बोटभर उघडते. मे महिन्यात एसी बिघडला की मागच्याची भट्टी होते. दुसरे म्हणजे लांब दार जड असते, आणि उतरताना त्याच्यावर भार टाकून उठायची सवय असली की बिजागऱ्या झिजून दार खाली बसते. रेडिंगकर, वडील उठताना दाराला धरत असतील तर एकदा दार थोडे उघडून टोकाशी वर उचलून पाहा. हलले, तर समजा काम निघाले.

स्टुटगार्टहून

एका गोष्टीची नोंद करू द्या. डिकीच्या झाकणाला 'दार' म्हणायचे की नाही यावर मी एकदा भारतातल्या मेहुण्याशी तासभर भांडलो होतो. त्याच्या मते तीन दारांची गाडी असा प्रकारच नसतो, ती दोन दारांची असते, कारण डिकीतून कुणी चढत नाही. त्याला मी सांगितले की, हॅचबॅकमध्ये झाकणाबरोबर मागची काचही वर उचलली जाते आणि वाट थेट आत उघडते, म्हणून ते दार धरतात. त्याला ते आजही पटलेले नाही.

दारांची तडजोड किती फसू शकते याचा नमुना म्हणजे 2007 ची मिनी क्लबमन. तिला मागच्या प्रवाशांसाठी एक छोटे, उलटे उघडणारे जादा दार दिले होते आणि ते उजव्या बाजूला होते. युरोपात ते पदपथाच्या बाजूला येई. ब्रिटनमध्ये, जिथे ही गाडी तयार होत असे त्याच देशात, ते चालकाच्या बाजूला, भर रहदारीत उघडे. दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी गाडी करणे परवडले नाही, म्हणून मुलांनी रस्त्यात उतरावे!

आता तीन दारे उरली आहेत ती एक तर फियाट 500 सारख्या शहरी गाडीत, नाहीतर टोयोटाच्या जीआर यारिससारख्या शर्यती वळणाच्या गाडीत. साध्या यारिसला पाच दारे आहेत, हे लक्षात घ्या. रेनोच्या क्लिओने 2012 मध्येच तीन दारे सोडली, पोलोने 2017 मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ, ओपेल कोर्सा आणि प्यूजो 208 यांनी 2019 मध्ये. रेडिंगकर ज्या फिएस्टाची साक्ष काढतात ती तर जुलै 2023 मध्ये संपलीच. बाजाराने निकाल दिलेला आहे.

रेडिंगकर

बाजाराने निकाल दिला हा युक्तिवाद मला मान्य नाही. कारखान्याला दोनऐवजी एकच सांगाडा करणे स्वस्त पडते, म्हणून त्याने एक बंद केला. दुकानदाराने भाकरी ठेवणे बंद केले म्हणून लोकांना पावच आवडतो असे ठरत नाही. बिजागरीबद्दल गॅरेजवाल्यांचे आभार. दार हलले, त्यावर अधिक बोलत नाही.

मागच्या सीटवरची

इतका वेळ वाचत होते. सेंटिमीटर झाले, बिजागऱ्या झाल्या, मेहुणेही येऊन गेले. रेडिंगकरांच्या त्या तीन वेळांत मागे नेमके कोण बसले होते, हे मात्र कुणी विचारले नाही. मी पैजेवर सांगते, त्यांची पत्नी.

आमच्याकडेही तीन दारांची गाडी होती. गाडीची निवड यजमानांनी केली, कारण त्यांना तिची ठेवण आवडली. सासूबाई आल्या की मानाने पुढे बसत, मामंजी आले की मानाने पुढे बसत, आणि एकदा तर दिरांचा सोळा वर्षांचा मुलगाही पुढे बसला, कारण त्याचे पाय लांब! मी मागे. स्लाउमधल्या एका हळदीकुंकवाला जानेवारीत गेलो होतो. अंगावर पैठणी, वरून जाड कोट, हातात तिळगुळाचा डबा. पुढच्या सीटचा पट्टा दारात आडवा लोंबत होता. त्याखालून वाकून, एक पाय आत टाकून दुसरा उचलते तोच निऱ्या सीटच्या खटक्यात अडकल्या. परतताना उतरले तेव्हा काठाचा बोटभर भाग उसवला होता. यजमान म्हणाले, "अगं, जरा बेताने." बेताने!

गाडी निवडणारा माणूस त्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसत नाही. म्हणून त्याला पाचशे पौंडांची बचत दिसते आणि पैठणी दिसत नाही.

सहा फूट दोन

हा विषय गाडीचा होता. आता तो सासू-सुनेचा झाला.

दोन लेकरांची आई

तो पहिल्यापासून तोच होता. तुम्हाला आत्ता दिसला, इतकेच. आमच्या घरीही आईबाबा आले की मी दोन बालसीटांच्या मध्ये बसते, आणि तिथवर पोचायला तीन दारांच्या गाडीत कोणती कसरत करावी लागे ते मी लिहिणार नाही.

रेडिंगकर

हे जरा अति होते आहे. वडीलधाऱ्यांना पुढे बसवणे ही आमच्या घरची रीत आहे आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मागे चढावे असे आपणांपैकी कुणाचेही म्हणणे नसावे. माझ्या वडिलांना या वादात ओढू नका.

मागच्या सीटवरची

त्यांना वादात तुम्हीच आणलेत, आरामखुर्चीसकट. आणि त्यांनी पुढेच बसावे, माझे काहीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांची सोय तुम्ही पत्नीच्या गुडघ्यांतून वसूल करता आणि तिला 'तीन वेळा' म्हणून मोजता. पाच दारांत वडीलही पुढे बसतात आणि तीही माणसासारखी मागे बसते.

गॅरेजवाला, पिंपरी

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे एक गिऱ्हाईक जुनी तीन दारांची गाडी हौसेने दुरुस्त करून घेत होते. रंग, चाके, सगळे झाले. त्यांच्या मंडळींनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिले आणि "छान आहे, मी रिक्षाने येईन," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात गाडी विकायला आली.

स्टुटगार्टहून

तरीही लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा तीन दारांच्या बाजूने जातो. मागे दारच नसेल तर मूल ते चालत्या गाडीत उघडणार कसे?

दोन लेकरांची आई

पाच दारांच्या गाडीत मागच्या दाराच्या कडेला मुलांसाठीचा खटका असतो. तो एकदा फिरवला की दार आतून उघडत नाही. आपण मुलांना कधी मागे बसवले असते तर हे आपल्याला ठाऊक असते.

स्टुटगार्टहून

ठाऊक होते. विसरलो होतो. घ्या, एक गुण तुमचा.

रेडिंगकर

काल रविवारी आम्ही ऑक्सफर्डला गेलो. ही चर्चा पत्नीने वाचलेली आहे, हे मला गाडीपाशी गेल्यावर कळले. तिने किल्ली मागून घेतली, वडील पुढे बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढलो. 'चढलो' हेच क्रियापद योग्य आहे. पट्ट्याखालून वाकताना चष्मा पडला. पुढची सीट परत मागे आली ती पहिल्या जागी न थांबता माझ्या नडगीवर येऊन थांबली.

पोचल्यावर पत्नी उतरली, वडिलांना हात देऊन तिने उतरवले आणि दोघे बोलत बोलत तिकिटाच्या यंत्रापर्यंत गेली. सीट पुढे ढकलण्याचा खटका मागे बसलेल्याच्या हाताला कुठे लागतो हे मला माहीत नव्हते. चार-पाच मिनिटे मी बंद काचेतून त्यांच्याकडे पाहत होतो. पत्नीने एकदा वळून पाहिले, पण ती आली नाही. आधी तिने सुटे पैसे मोजले.

खांबाचा आणि लांब दाराचा मुद्दा मी अजूनही मागे घेत नाही. 46 आणि तीन या आकड्यांबद्दल मात्र, ते कुणाच्या बाजूने मोजले होते, हे मी नमूद करायला हवे होते.

मागच्या सीटवरची

खटका सीटच्या खांद्यावर, खिडकीच्या बाजूला असतो. वहिनींना नमस्कार सांगा.