पेसमेकर आणि इंडक्शन शेगडी: अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना नुकताच पेसमेकर बसवला. तब्येत उत्तम आहे, पण भेटायला येणारा प्रत्येक जण राउटरकडे बोट दाखवून "हे आधी काढा" म्हणतो. चुलत दिरांकडे तर पुरावाच आहे: आमचा मायक्रोवेव्ह सुरू झाला की वायफाय गचके खातं, म्हणजे घरात लहरी पसरतात!

थोड्या पसरतातच. ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि राउटरचा जुना पट्टाही २.४ गिगाहर्ट्झचाच. आत ८०० वॅट कोंडलेले असताना दाराच्या फटीतून त्यातला क्षुल्लक अंश निसटला, तरी जेमतेम दशांश वॅटवर चालणाऱ्या राउटरचा सिग्नल त्यात बुडतो. आम्ही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला लागलो आणि तक्रार संपली. वायफाय अडखळलं म्हणून हृदयाला धोका होतो असं नाही, हे दिरांना पटवायचा नाद मी सोडलाय. राउटर राहू द्या, असं डॉक्टरांनीही सांगितलंय.

मोबाइल पेसमेकरपासून निदान १५ सेंमी लांब, बोलताना उजव्या कानाला. आईंची ब्लाउजमध्ये फोन खोचायची सवय मोडताना मात्र नाकी नऊ आले. आयफोन १२ पासूनच्या बहुतेक आयफोनांच्या पाठीत चुंबक असतात, आणि चुंबक अगदी जवळ आला की पेसमेकर हृदयाचे ठोके बघणं थांबवून ठरावीक गतीने चालू लागतो. (तपासणीत डॉक्टर हेच मुद्दाम करतात. चुंबक बाजूला केला की पूर्ववत.)

आता खरा प्रश्न. चहा, दूध, पोहे, आईंचं सगळं इंडक्शनवर. तिथलं चुंबकीय क्षेत्र साधारण २० ते १०० किलोहर्ट्झचं. पेसमेकरने तो गोंगाट हृदयाचा ठोका समजला तर स्वतःचा ठोका द्यायचा राहून जाऊ शकतो. म्हणून शेगडी आणि पेसमेकर यांत ६० सेंमी अंतर ठेवा, असा सल्ला वाचला. आमच्या आई पाच फुटांच्या आतल्या! ओट्यावर शेगडी, त्यावर पातेलं. टेप लावून पाहिलं तर ६० सेंमीवरून त्यांचा कालथा पातेल्यात पोचतच नाही.

कुणाच्या घरी अशी अडचण आली आहे का? शेगडी भिंतीकडे सरकवून किंवा खाली बुटक्या टेबलावर ठेवून भागलं का? छोटं किंवा कडेला सरकलेलं भांडं असलं की क्षेत्र जास्त बाहेर येतं म्हणे, मग मोठ्या बुडाचं भांडं वापरल्याने प्रत्यक्षात किती फरक पडतो? आईंच्या पेसमेकरच्या कार्डावर हृदयात जाणाऱ्या तारा बायपोलर (दोन्ही ध्रुव तारेच्या टोकाशीच) आहेत असं लिहिलंय. युनिपोलर (एक ध्रुव टोकाशी, दुसरा पेसमेकरच्या डबीवर) तारांपेक्षा त्या बाहेरचा गोंगाट कमी पकडतात, तर तुमच्या डॉक्टरांनी त्यावरून अंतरात सूट दिली का?

कृपया "गॅसवर करा" सांगू नका. गॅस बंद करायचा राहतो म्हणूनच इंडक्शन आणली होती. सध्या स्वयंपाक मी करते आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सूचना देतात.

भर: इन्फ्रारेड शेगडी सुचवणाऱ्यांचे आभार. तिच्यात तापणारी तार असते, भांडं चुंबकीय क्षेत्राने तापत नाही, त्यामुळे हे पटतंय. पण बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते ना? घरात वयस्कर माणूस असताना कुणी वापरलीय का?