लग्नाआधी कपाळाला बोटॉक्स: बहिणीला अडवू की नको?

मेघना_ठाणे:
माझी धाकटी बहीण ४७ वर्षांची. भाचीचं लग्न दीड महिन्यावर आलंय आणि हिने कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यायचं ठरवलंय, तेही ओळखीच्या पार्लरमध्ये, स्वस्तात देतात म्हणून. माझा साफ विरोध आहे. आमच्या आईच्या कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या. कुंकू टेकवलं की मधली रेघ त्याखाली दिसेनाशी व्हायची. तो चेहरा आम्हाला कधी म्हातारा वाटला नाही. चांगल्या चेहऱ्यात विष कशाला टोचून घ्यायचं?

सुलभा_के:
विष विष करून तिला घाबरवू नका. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, स्नायू सैल करणारं औषध. ते आधी डोळ्यांसाठी आलं. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा त्रास, यासाठी अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. व्हँकूवरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्यांसाठी ते देत असताना भुवयांमधल्या आठ्याही जातात हे लक्षात आलं. आठ्यांसाठीची मान्यता २००२ची. मी स्वतः जुनाट अर्धशिशीसाठी घेते: डोकं, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी, एकूण १५५ युनिट. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० लागतात. आणि चेहरा तिचा आहे, पैसेही तिचे. थोरली बहीण म्हणून तुम्ही किती अडवणार?

मेघना_ठाणे:
तुमचं दुखणं होतं. हिला कपाळ दुखत नाही, लोक काय म्हणतील ते दुखतंय. परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो म्हणतात. मग पुन्हा टोचा, पुन्हा पैसे भरा. लग्न होऊन जाईल, ही सवय राहील.

स्किन_ओपीडी:
त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली नऊ वर्षं काम करतेय. घ्यावं की नाही यावर मी बोलणार नाही, पण पार्लरमध्ये नको म्हणजे नकोच. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, ती सलाइनमध्ये किती पातळ करायची याचं गणित असतं. आमचे डॉक्टर पेशंटला आधी "आठ्या घाला" सांगतात, कुठला स्नायू कसा ओढतो ते बघतात, पेन्सिलीने ठिपके काढतात, मगच सुई. मागे एक ताई पार्लरमधून टोचून आल्या होत्या. डावी पापणी अर्ध्या बुबुळावर उतरलेली. आरशात बघून रडत होत्या. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर, म्हणजे सुरकुती भरायला टोचतात ते जेल, विरघळवता येतो, हे औषध टोचल्यावर परत काढता येत नाही, उतरेपर्यंत थांबावं लागतं. त्यांचे कित्येक आठवडे तसेच गेले. गरोदर असाल किंवा स्नायूंच्या कमजोरीचा आजार असेल तर विचारच करू नका. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून लग्नाच्या तोंडावर घेऊ नये.

नृत्य_वर्ग:
मी मेघनाताईंच्या बाजूने. भरतनाट्यम शिकवते. राग, शंका, वात्सल्य सगळं आधी भुवईत उमटतं. माझ्या एका मैत्रिणीने हे घेतलं. ती रागावलीय की थकलीय, मला दोन महिने कळत नव्हतं.

सुलभा_के:
तो डोस जास्त झाला असेल. माझ्या भुवया अजून हलतात आणि घरच्यांना माझा राग बरोबर कळतो. पार्लरचं मात्र मला पटलं.

मेघना_ठाणे:
बहिणीला पापणीची गोष्ट वाचून दाखवली. पार्लरची वेळ तिने रद्द केली. शुक्रवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहे, सोबत मीही जाते. घेऊ नये हे माझं मत तसंच आहे, आणि जाताना रिक्षात तिला ते पुन्हा एकदा सांगणार आहे.